वेबसाइट गुडघ्यांची, बजेट तीन हजारांचं

पत्र: मी साताऱ्यात योगवर्ग घेते, प्रमाणित योगशिक्षिका आहे. माझी धाकटी जाऊ फिजिओथेरपिस्ट आहे. आठ महिन्यांपूर्वी आम्ही दोघींनी आरोग्य आणि व्यायामाची मराठी वेबसाइट काढली. वजन, मधुमेह, केस, गुडघे, झोप, आहार असे ४६ लेख झाले, पण दिवसाला जेमतेम वीस-पंचवीस माणसं येतात. फेसबुकवर पोस्ट 'बूस्ट' करण्यात, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवण्यात, अडीच हजार गेले. लाइक आले, वाचक आले नाहीत. एकाला चार हजार देऊन हजार बॅकलिंक (इतर साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंक) घेतल्या, त्याचाही उपयोग दिसत नाही. महिन्याला ३,००० रुपयांच्या वर जाणं शक्य नाही. आमच्या ऑनलाइन वर्गाला (फी महिना ६०० रुपये) साइटवरून माणसं मिळावीत, एवढीच अपेक्षा आहे. जाहिरात द्यावी का? इंग्रजीत लिहायला लागावं का?

उत्तर: तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द 'गुडघे' आहे, आणि तुमच्या यादीत तो चौथा आलाय. योगशिक्षिका आणि फिजिओथेरपिस्ट एकाच घरात, हे भांडवल फार थोड्या आरोग्य-साइटकडे असतं. वजन, मधुमेह, केस यांवर मोठी वृत्तपत्रं, रुग्णालयांच्या साखळ्या आणि औषधं विकणाऱ्या कंपन्या मराठीतही भरभरून लिहितात. तिथे तुमचा लेख पन्नासावा असतो आणि पन्नासाव्यापर्यंत कुणी जात नाही. 'जिना चढताना काही नाही, उतरतानाच गुडघा का दुखतो' हे मात्र साध्या मराठीत, करून दाखवून सांगणारं पान शोधायला गेलं तर हाताला फारसं लागत नाही. ती जागा तुमची आहे. पुढचे सहा महिने साइट चाळिशीपुढच्या बायकांच्या गुडघे, टाचा आणि कंबर यांचीच ठेवा.

आता एक गोष्ट पैसा न लागणारी, पण बाकी सगळ्याच्या आधीची. आरोग्य आणि पैसा या विषयांची पानं गूगल जास्त कडक कसोटीवर पाहतं. क्रमवारीच्या पद्धतीत ऑगस्ट २०१८ मध्ये केलेल्या बदलात असंख्य आरोग्य-साइट खाली गेल्या. डिसेंबर २०२२ पासून पानांची गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव हा निकषही आला. तुमच्या लेखांवर 'अॅडमिन' असं नाव असेल, तर तुमचा सगळा अनुभव झाकलेलाच राहिला. प्रत्येक लेखाखाली तुमचं खरं नाव, प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं, किती वर्षं शिकवता ते लिहा. जाऊबाईंची पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक द्या. 'तपासलं' असं लिहायचं असेल तर त्यांनी लेख खरोखर वाचलेला हवा, आणि तपासल्याची तारीख हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही हेच आहे: मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असेल तर ते सांगायचं, आणि आपला मजकूर डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही हे स्पष्ट लिहायचं.

काय लिहायचं

गूगलचं सर्च कन्सोल (साइट शोधात कुठे दिसते ते सांगणारं साधन) फुकट आहे. जोडलं नसेल तर आजच जोडा. जोडलेलं असेल तर 'परफॉर्मन्स' उघडा. तिथे १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते, म्हणजे सुरुवातीलाच जोडलं असेल तर तुमचे आठही महिने दिसतील. ज्या प्रश्नांवर तुमचं पान सरासरी ८ ते २० या क्रमांकांत येतंय, ते वेगळे काढा. ही पानं दारापर्यंत पोचलेली आहेत. नवा लेख लिहिण्याआधी त्यांची डागडुजी करा, कारण विसाव्यावरून सातव्यावर येणं शून्यातून वर येण्यापेक्षा सोपं असतं.

दुसरा स्रोत तुमच्या वर्गातच आहे. दोन आठवडे एक वही जवळ ठेवा आणि बायका जे म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत टिपा. 'गुडघा कटकट वाजतो', 'उठताना हात टेकावा लागतो', 'मांडी घालता येत नाही', 'सकाळी टाच टेकवत नाही', 'वंगण संपलंय म्हणतात'. हीच तुमची शीर्षकं. लेखात खाली 'अस्थिसंधिवात' जरूर येऊ दे, पण 'अस्थिसंधिवात: कारणे व उपाय' हे शीर्षक पाठ्यपुस्तकाचं झालं. दुखतं तेव्हा माणूस तसं टाइप करत नाही. हे बोललेले शब्द गूगलच्या शोधपेटीत अर्धे लिहून थांबा. खाली जे पर्याय उघडतात ते लोकांनी खरंच विचारलेले असतात. असे बारा प्रश्न निवडा. महिन्याला दोन, सहा महिन्यांत बारा. त्याहून जास्त नको. रोज पाच लेख मशीनकडून लिहून घ्यायचा मोह होईल, तो टाळा. क्रमवारीसाठी घाऊक मजकूर ओतण्याविरुद्ध गूगलने मार्च २०२४ पासून नियम कडक केले आहेत. आणि आरोग्यात तर एक चुकीचं वाक्यही कुणाला तरी दुखवतं.

पानाची बांधणी अशी ठेवा. पहिल्या पन्नास-साठ शब्दांतच उत्तर द्या, प्रस्तावना नको. लगेच खाली 'केव्हा घरी व्यायाम करू नये' ही चौकट: गुडघा अचानक सुजून लाल, गरम झालाय किंवा ताप आहे, पडल्यावर पायावर भार देता येत नाही, गुडघा अडकून बसलाय, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय. अशा वेळी डॉक्टर. ही चौकट वाचकाला वाचवते आणि लिहिणारी माणसं जाणकार आहेत हेही तिच्यातून कळतं. मग दोन-तीन व्यायाम, पण आकड्यांसकट. 'पाय सरळ उचला' एवढं पुरत नाही. 'पाठीवर झोपा, एक पाय वाकवलेला, दुसरा सरळ, सरळ पाय वीतभर उचला, ५ सेकंद धरा, १० वेळा, मग पाय बदला' असं लिहा. आकडे जाऊबाईंनी ठरवलेले असावेत. सोबत ६० ते ९० सेकंदांचा व्हिडिओ, नेहमीच्या पंजाबी ड्रेसमध्ये, घरच्या सतरंजीवर. जिममधली तरुण मुलगी पाहून पंचावन्न वर्षांच्या वाचक बाई पान बंद करतात.

एक पान वेगळं बनवा, ज्याचा पत्ता इतर लोक आपणहून देतील: वजन-उंचीची आणि कंबरेची मराठी मोजणी. बहुतेक ठिकाणी २५ बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) पाश्चात्त्य मर्यादा तशीच उचललेली असते. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. टेप नेमकी कुठे धरायची याच्या फोटोसह हे एका पानावर ठेवा आणि त्याची ए-फोर छपाई करता येईल अशी सोय द्या. शाळेतल्या बाई, दवाखाने, बचत गट ते भिंतीवर लावतील.

जुन्या ४६ लेखांचं काय? गुडघे, कंबर, चालणं यांवरचे ठेवा. एकाच विषयावरचे तीन असतील तर एकत्र करून एक चांगला बनवा आणि बाकी दोघांचे पत्ते ३०१ रिडायरेक्टने (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारी सोय) त्याच्याकडे वळवा. नुसते पुसून टाकले तर जुन्या लिंकवरून येणाऱ्यांना रिकामं पान दिसेल. केसांचे लेख सर्च कन्सोलमध्ये तीन महिने शून्य क्लिकचे असतील तर काढून टाकायला हरकत नाही.

तांत्रिक बाजूत तीनच गोष्टी पाहा. लेखाचा पत्ता (यूआरएल) देवनागरीत असेल तर शेअर करताना प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. 'गुडघेदुखी' या एका शब्दाची ८१. साइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर ती पत्ता २०० चिन्हांवर कापते, म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं उरतात आणि व्हॉट्सअॅपवर टक्क्यांच्या खुणांची लांबलचक ओळ दिसते, जिच्यावर बोट ठेवायला लोक घाबरतात. नव्या लेखांचे पत्ते रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचे ठेवा. जुने बदलाल तर इथेही ३०१ हवाच. दुसरं, फोटो मोबाइलमधून काढलेले तसेच चढवू नका. रुंदी १,२०० पिक्सेल, वेबपी हा हलक्या फाइलचा प्रकार, वजन १०० केबीच्या आसपास. तिसरं, फॉन्ट. मराठी फॉन्टच्या फाइली जड असतात. 'मुक्त'सारखा मोफत फॉन्ट घेतला तरी त्याच्या दोनच जाड्या लोड करा. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या साधनावर मोबाइलचा निकाल बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा.

व्हॉट्सअॅप

तुमचा वाचकवर्ग ईमेल उघडत नाही, व्हॉट्सअॅप दिवसातून वीस वेळा उघडतो. म्हणून जास्तीत जास्त कष्ट इथे घाला.

ग्रुप सुरू करू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आठवड्यात सुप्रभातचे फोटो सुरू होतात आणि तुमचा व्यायाम त्यांत बुडतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. बहुतेकांचं ब्रॉडकास्ट इथेच फसतं: दोनशे जणांना पाठवलं असं वाटतं, पोचतं चाळिसांना. त्यामुळे नंबर मागून गोळा करण्याऐवजी उलटं करा. प्रत्येक लेखाखाली आणि पत्रकावर (त्याबद्दल पुढे) लिहा: 'आमचा नंबर सेव्ह करा आणि गुडघा एवढंच लिहून पाठवा, दर मंगळवारी एक व्यायाम येईल.' जिने स्वतः निरोप पाठवला, तिची परवानगीही आली आणि तुमचा नंबरही बहुधा सेव्ह झाला. न विचारता नंबर जोडलेत तर लोक तक्रार करतात आणि खातं बंद होऊ शकतं. व्हॉट्सअॅप बिझनेस अॅप फुकट आहे. त्यात 'चौकशी', 'एक वर्ग केला', 'फी भरली' अशी लेबलं लावा, तयार उत्तरं ठेवा. यादी भरत आली की चॅनेल उघडा. चॅनेलवर फॉलोअर्सचे नंबर एकमेकींना दिसत नाहीत आणि संख्येची अडचण नाही, पण तिथे संभाषण होत नाही. म्हणून वर्गाची चौकशी वैयक्तिक नंबरवरच येऊ द्या.

निरोपात लिंक एकटी पाठवू नका. ३० ते ४५ सेकंदांचा उभा व्हिडिओ थेट पाठवा आणि साइटचं नाव व्हिडिओच्या चित्रावरच ठळक छापा. फॉरवर्ड होताना खालचा मजकूर गळतो, लिंक गळते. चित्रावर छापलेलं नाव पुण्यातल्या मावशीपर्यंत जातं. लिंक पाठवाल तेव्हा तिच्यासोबतचं चित्र १,२०० बाय ६३० पिक्सेल आणि ३०० केबीच्या आत ठेवा, जड चित्र अनेकदा दिसतच नाही. हाच व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्सवरही टाका, मात्र शॉर्ट्सच्या वर्णनात आणि प्रतिक्रियांत दिलेल्या लिंकवर ऑगस्ट २०२३ पासून क्लिक होत नाही. तिथेही चित्रावरचं नावच उपयोगी पडतं.

सातारा

तुम्ही प्रत्यक्ष वर्ग घेता, म्हणून गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद) तुम्हाला मिळू शकतं. फक्त ऑनलाइन असतात त्यांना ते मिळत नाही. प्रकार 'योगवर्ग', वेळा, खोलीचे खरे फोटो भरा आणि शिकणाऱ्या बायकांना अभिप्राय लिहायला सांगा. अभिप्रायाच्या बदल्यात फीमध्ये सूट देऊ नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही.

ज्येष्ठ नागरिक संघ आणि बचत गटांच्या बैठकीत ४० मिनिटांचं मोफत प्रात्यक्षिक द्या. खुर्चीतले व्यायाम, साडीत जमतील असे. शेवटी हातात अर्ध्या ए-फोर आकाराचं पत्रक: एका बाजूला तीन व्यायामांची चित्रं, दुसऱ्या बाजूला क्यूआर. व्यायामाचं पत्रक फ्रिजवर चिकटतं, नुसती जाहिरात घंटागाडीत जाते. क्यूआर पत्रकावर किमान २ सेंटिमीटरचा हवा. भिंतीवर लावून एका मीटरवरून स्कॅन करायचा असेल तर साधारण १० सेंटिमीटरचा. 'डायनॅमिक' (सेवेच्या स्वतःच्या लिंकवरून वळवणारे) क्यूआर देणाऱ्या काही फुकट सेवा चाचणी संपली की लिंक बंद करतात आणि छापलेली पाचशे पत्रकं वाया जातात. साधा क्यूआर, थेट तुमच्याच साइटच्या पत्त्याचा बनवा. पत्त्याला यूटीएम खूण (वाचक कुठून आला ते सांगणारी शेपटी) जोडा, म्हणजे पत्रकावरून किती आल्या ते मोजता येईल.

आणि वारी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तुमच्याच जिल्ह्यातून, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. तळपायाचे फोड, पोटरीचे गोळे, पन्नाशीनंतर रोज वीस किलोमीटर चालण्याआधी गुडघ्यांची सहा आठवड्यांची तयारी, यावर एक नीट पान आषाढीच्या किमान दोन महिने आधी चढवा. गूगलला पान ओळखायला वेळ लागतो, पालखी निघाल्यावर टाकलेलं पान पुढच्या वर्षीच कामाला येतं. हाच नियम सातारा हिल हाफ मॅरेथॉनला. घाट चढून पुन्हा उतरायचा, आणि उतारावर गुडघ्यांचे हाल होतात. 'घाट उतरताना गुडघे' हे पान धावणाऱ्यांचे गट आपणहून फिरवतील. आकाशवाणीचं सातारा केंद्र आणि म्हसवडचा सामुदायिक रेडिओ माणदेशी तरंग वाहिनी इथे दहा मिनिटांचा 'गुडघे आणि शेतीकाम' हा विषय लेखी पाठवून पाहा. वेळ मागताना वर्गाची जाहिरात करू नका, विषय द्या.

तीन हजारांचा हिशेब

पहिले दोन महिने जाहिरातीवर एक रुपयाही नको. पहिल्या महिन्यात कॉलर माइक आणि मोबाइलचा स्टँड घ्या. आवाज ऐकू येत नसेल तर चांगला व्यायामही कुणी बघत नाही. दुसऱ्या महिन्यात पत्रकं छापा. तिसऱ्यापासून गूगल सर्चची जाहिरात, दिवसाला ५० रुपये. एखाद्या दिवशी गूगल दुप्पट, म्हणजे १०० पर्यंत खर्च करतं, घाबरू नका. महिन्याचा हिशेब ३०.४ दिवसांचा, म्हणजे १,५२० रुपयांच्या वर जात नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,७९४. उरलेल्यातून ४०० होस्टिंगला (साइट ठेवायच्या जागेचं भाडं), ५०० छपाईला, आणि राहिलेले तीनशे डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नूतनीकरणासाठी बाजूला. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो, दुसऱ्या वर्षी बिल चढतं.

जाहिरात सुरू करताना 'स्मार्ट' प्रकार (ज्यात बहुतेक निर्णय गूगलच घेतं) टाळून साधी सर्च मोहीम निवडा. डिस्प्ले नेटवर्क (इतर साइट आणि अॅपवर दिसणाऱ्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलबाहेरच्या शोधपेट्या) या दोन्हींपुढची निवडीची खूण काढून टाका, नाहीतर पैसे खेळांच्या अॅपमध्ये लहान मुलांच्या चुकून लागलेल्या बोटांवर जातील. ठिकाणाच्या पर्यायात 'या भागात असलेले' एवढंच ठेवा. 'रस असलेले' ठेवलंत तर साताऱ्याची माहिती शोधणारे कुठलेही लोक येतात. शब्द 'फ्रेज मॅच'मध्ये द्या, म्हणजे त्या अर्थाच्या शोधावरच जाहिरात दिसेल. तेल, औषध, बेल्ट, ऑपरेशन खर्च, नोकरी, कोर्स हे नकारात्मक यादीत, म्हणजे या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसणार नाही. जाहिरात मुख्य पानावर नेऊ नका, वर्गाच्या पानावर न्या. तिथे वेळ, फी, एक फुकट वर्ग आणि व्हॉट्सअॅपचं बटण.

थांबायचं केव्हा, तेही आधीच ठरवा. एक बाई सरासरी तीन महिने टिकली तर १,८०० रुपये देते, म्हणजे जाहिरातीचा महिन्याचा खर्च. दर महिन्याला जाहिरातीतून एक प्रवेश ही तुमची बरोबरीची रेघ. दोन महिने एकही नाही आला तर जाहिरात बंद करून वर्गाचं पान दुरुस्त करा.

फेसबुकचं बूस्ट का फसलं? बूस्टमध्ये उद्दिष्ट 'प्रतिसाद' असेल तर फेसबुक लाइक करायची सवय असलेल्यांनाच शोधून पोस्ट दाखवतं. त्यांनी लाइक दिले, काम झालं. पुन्हा कधी तिथे जाहिरात दिलीच तर उद्दिष्ट व्हॉट्सअॅप संदेशांचं निवडा. 'तुम्हाला गुडघेदुखी आहे का?' असं थेट विचारणारी जाहिरात तिथे नाकारली जाते, कारण ती व्यक्तीच्या आजाराबद्दल बोलते. 'गुडघ्यांसाठी सकाळचा ३० मिनिटांचा वर्ग' चालतं. वजनाचे आधी-नंतरचे फोटोही नकोत. पुढे कुणी तेल किंवा चूर्ण जोडून विकायचा आग्रह केला तर १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा आठवा. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, संधिवात बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं त्यात गुन्हा आहे.

त्या हजार बॅकलिंकचं ओझं घेऊ नका. गूगल अशा बहुतेक लिंक मोजतच नाही. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अॅक्शन'खाली, म्हणजे गूगलने साइटवर केलेल्या कारवाईची, काही नोंद नसेल तर त्या तशाच राहू द्या, 'डिसअव्हाव'च्या (या लिंक मोजू नका असं गूगलला कळवण्याच्या) फंदात पडू नका. चुकून चांगल्या लिंकही त्यात जातात. फक्त त्या माणसाकडे साइटचा पासवर्ड असेल तर आज रात्रीच बदला.

इंग्रजीत लिहू नका. तिथे तुमची स्पर्धा साऱ्या जगाशी, आणि मराठीत तुम्हाला जे शब्द सुचतात ते कुणाकडे नाहीत. वाचक वाढवायचेच असतील तर परदेशातल्या मराठी बायकांकडे बघा. तुमचा सकाळी सहाचा वर्ग न्यूयॉर्कच्या बाजूला उन्हाळ्यात आदल्या रात्री साडेआठला आणि हिवाळ्यात साडेसातला येतो, म्हणजे स्वयंपाक आवरल्यावर. पण तिकडून फी कशी घ्यायची, ती नोंदवायची कशी, हे तुमच्या सीएंना विचारून मगच वेळापत्रकात ही ओळ लिहा.